मुंबईच्या खाडीकाठी हिवाळ्यातले दुर्मीळ पक्षी: नव्या निरीक्षकाने सुरुवात कशी करावी

डिसेंबर उजाडला की मुंबईतल्या पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप गटांवर एखादा फोटो फिरू लागतो. कुठल्या तरी मिठागरात किंवा किनाऱ्यावर एरवी न दिसणारा पक्षी उतरलेला असतो. शनिवार-रविवारी तिथे माणसांची रीघ लागते आणि बरेच जण हात हलवत परततात. पक्षी तोवर पुढे गेलेला असतो, किंवा समोरच्या हजारभर पक्ष्यांतून तो नेमका कोणता हे उमगत नाही.

तो फोटो ज्याने पहिल्यांदा काढला, त्याला पक्षी कसा सापडला? तो माणूस बहुधा त्याच जागी वर्षानुवर्षे जाणारा असतो. तिथले नेहमीचे पक्षी त्याला इतके पाठ असतात की वेगळा पक्षी आला की नजर आपोआप अडखळते. दुर्मीळ पक्षी सापडण्याचा माझ्या माहितीत हाच एक खात्रीचा मार्ग आहे आणि तो कुणालाही जमण्यासारखा आहे. एक हिवाळा मन लावून दिला तर पुरे. तो कसा द्यायचा, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

आधी अपेक्षा नीट ठरवा

मुंबईच्या आसपास दुर्मीळ म्हणावेत असे पक्षी तीन प्रकारचे. पहिला प्रकार, इतरत्र भरपूर पण आपल्याकडे मोजक्याच जागी दिसणारे. काळा-पांढरा, लालभडक लांब चोचीचा कालवफोड्या युरोपच्या किनाऱ्यांवर सर्रास दिसतो. आपल्याला मात्र त्याच्यासाठी अलिबागकडे जावं लागतं. दुसरा प्रकार, वाट चुकून किंवा वादळाने ढकलून आलेले. व्हॉट्सॲपवर गाजतात ते हेच. तिसऱ्या प्रकाराकडे नवे लोक सहसा बघतच नाहीत: आपल्या खाडीत दर हिवाळ्यात नेमाने दिसणारे, पण जगभर झपाट्याने कमी होत चाललेले पक्षी. कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर म्हणजे राखी चिखल्या, हे दोन्ही 2024 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) गटात गेले. काळ्या शेपटीचा पाणटिवळा, ज्याला आपण सगळे गॉडविट म्हणतो, तोही संकटाच्या उंबरठ्यावर आहे, आणि ठाणे खाडीत तो हजारोंनी उतरतो.

माझा आग्रह असा की पहिल्या हिवाळ्यात तिसऱ्या प्रकारावर भर द्यावा. ते पक्षी हमखास भेटतात, आणि त्यांच्याच थव्यात पहिल्या दोन प्रकारांतले पाहुणे लपलेले असतात.

वर्षाचं वेळापत्रक

चिखलात चरणारे पक्षी ऑगस्टपासूनच परतू लागतात. पाऊस पुरता सरलेला नसतो आणि शिवडीच्या चिखलात चिखले (प्लोव्हर) आणि सँडपायपर दिसायला लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हा वाटसरूंचा काळ. युरोपीय नीलपंख आफ्रिकेकडे जाताना आपल्या माळांवर, विजेच्या तारांवर काही दिवस थांबतो. नोव्हेंबरात अमूर ससाणे ईशान्य भारतातून अरबी समुद्राकडे जाताना सह्याद्रीवरून निघतात. याच सुमाराला थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग ही बदकं येतात; कुरव (गल) आणि सुरयही (टर्न) किनाऱ्यावर जमू लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा ऐन हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये परतीची तयारी, आणि त्याची गंमत वेगळी आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. 5 तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 तारखेला सालिम अलींचा. त्या आठवड्यात जागोजागी फेऱ्या निघतात. कुणाच्या तरी हाताला धरून सुरुवात करायची असेल तर याहून चांगला मुहूर्त नाही.

दुर्बीण, वही आणि बूट

कॅमेरा नंतर घ्या. आधी दुर्बीण, आणि ती 8×42. यातला 8 म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो, आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. तो जितका मोठा, तितका पहाटेच्या अंधुक उजेडात जास्त प्रकाश आत येतो. 10 किंवा 12 पट दुर्बिणीच्या मोहात पडू नका. हात थरथरतो तशी प्रतिमाही थरथरते आणि दृष्टीचा टप्पा अरुंद होतो. दहा हजारांच्या आसपास कामाची दुर्बीण मिळते. खाडीत पक्षी लांब असतात, तिथे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची एकनळी दुर्बीण, लागतो, पण तो महाग. फेऱ्यांमध्ये कुणाकडे तरी तो असतोच आणि पक्षीमित्र नव्या माणसाला आनंदाने बघू देतात.

वही खिशात मावेल अशी घ्या आणि सोबत पेन्सिल ठेवा. दमट हवेत शाई पसरते. मळकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी. बूट चिखलाचे चालतील, पण त्या बुटांच्या भरवशावर चिखलात उतरू नका. ठाणे खाडीचा गाळ वरून घट्ट वाटतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत गिळतो. बांधावरूनच बघायचं, हा नियम मोडू नये.

भरती-ओहोटीचं गणित

नव्या माणसाचे बहुतेक हेलपाटे पाण्याची वेळ न पाहता गेल्यामुळे होतात. ऐन भरतीला शिवडीला पोचलात तर समोर नुसतं पाणी. ऐन ओहोटीला पोचलात तर पक्षी इतके दूर की दुर्बिणीतून ठिपके दिसतात.

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते. पण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक हिशेब डोक्यात असला की महिनाभराचं नियोजन कॅलेंडर बघून उभ्या उभ्या होतं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सहा तासांनी म्हणजे नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती. एकादशीला सव्वाआठला. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीच्या वरच्या टोकाला पाणी थोडं उशिरा पोचतं, पण बेत आखायला एवढं पुरतं. जायच्या दिवशी मोबाइलवर पक्की वेळ बघून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, चढउतार बेताचा.

आता यात उजेडाची दिशा मिसळा. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोळ्यांवर येतो, आणि समोरचा प्रत्येक पक्षी काळी आकृती दिसतो. शिवडीला दुपारी जावं, तेही प्रतिपदा ते तृतीयेला. भरती पाऊण ते सव्वादोनच्या दरम्यान होऊन जाते, पाणी मागे सरू लागतं, आणि तीन ते पाच या वेळात काठाजवळचा चिखल उघडा पडत जातो. पाठीशी सूर्य, समोर ताज्या चिखलावर तुटून पडलेले पक्षी. नवी मुंबईच्या बाजूने खाडी पश्चिमेला आहे, त्यामुळे ऐरोली किंवा सीवूड्सला सकाळच बरी. तिथे दशमी ते द्वादशी निवडा. साडेसात ते नवाच्या दरम्यान भरती येते, चिखल बुडतो, आणि तिथे चरणारे थवे आतल्या तळ्यांवर, मिठागरांच्या बांधांवर येऊन विसावतात. विसावलेला थवा शांतपणे मोजता येतो, आणि वेगळा पक्षी सापडण्याची संधी तिथे सगळ्यांत जास्त.

अलिबागजवळच्या आक्षीसाठी पौर्णिमा किंवा अमावास्या गाठा. सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी, मग पाणी चढत जातं आणि दहा-अकरापर्यंत वाळूवरचे पक्षी आपणहून तुमच्याकडे ढकलले जातात.

नेहमीचे पक्षी पाठ करा

पहिल्या महिन्यात कुठलाही दुर्मीळ पक्षी शोधू नका. एक जागा ठरवा, घरापासून जवळची, आणि दर आठवड्याला तिथेच जा. गॉडविट, रेडशँक, ग्रीनशँक, कर्ल्यू सँडपायपर, लिटल स्टिंट, चिखले, शेकाट्या, तपकिरी डोक्याचा कुरव, गल-बिल्ड सुरय, घार आणि ब्राह्मणी घार इतके ओळखता आले तर खाडीतल्या बहुसंख्य पक्ष्यांची ओळख झाली.

फक्त नाव लावून पुढे जाऊ नका. थवा मोजा. दहा पक्ष्यांचा एक घास डोळ्यांनी घ्यायचा आणि तसे घास डावीकडून उजवीकडे मोजत जायचं. मोजताना नजर प्रत्येक पक्ष्यावरून जाते, आणि एखादा उंचीने, रंगाने किंवा हालचालीने वेगळा असेल तर तिथेच थांबते. जुने जाणते निरीक्षक सतत का मोजत असतात, याचं एक कारण हे आहे.

गॉडविटच्या थव्याकडे जरा जवळून बघू. शिवडीला समोर चारपाचशे पक्षी चिखलात चोची खुपसून चरताहेत. लांब पाय, लांब सरळ चोच, तिचा बुडखा गुलाबी, पाठ जवळपास एकरंगी राखी-तपकिरी. हा काळ्या शेपटीचा पाणटिवळा. आता त्यांच्यात पाय थोडे आखूड असलेला, चोच टोकाकडे किंचित वर वळलेली आणि पाठीवर गर्द रेघा असलेला एखादा आहे का, ते पाहा. असला तर तो पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा असू शकतो आणि आपल्या खाडीत तो बराच कमी दिसतो. खात्री करायची तर घाई न करता थवा उडायची वाट बघा. काळ्या शेपटीच्या पक्ष्याच्या पंखावर पांढरा ठसठशीत पट्टा उमटतो आणि शेपटीचं टोक काळंभोर दिसतं. दुसऱ्याच्या पंखावर असा पट्टा नसतो. घार किंवा भोवत्या (हॅरिअर हा शिकारी पक्षी) वरून गेला की थवा एकदम उठतो; डोळे तयार ठेवा, दोन-तीन सेकंदच मिळतात.

याच पद्धतीने पुढची जोडी: चिखले आणि सँडपायपर यांच्या घोळक्यात ग्रेट नॉट. तो शेजाऱ्यांपेक्षा अंगाने भरलेला, चोच बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती, छातीवर गर्द ठिपक्यांची गर्दी. जगभर त्याची संख्या इतकी घटली आहे की तो आता धोक्यात आलेल्या पक्ष्यांत मोजला जातो. चीन-कोरियामधल्या पीत समुद्राच्या काठचा चिखल भराव घालून बुजवला गेला, हे त्याचं मोठं कारण. आपल्याकडे तो तुरळक दिसतो आणि प्रत्येक नोंद मोलाची असते.

घारींच्या बाबतीतही हेच. हिवाळ्यात मुंबईवर घारी उदंड असतात. त्या घिरट्यांमध्ये एखादा पक्षी रुंद पंखांचा, पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली, शेपटी आखूड आणि न दुभंगलेली दिसला तर मान वर करून नीट बघा. मोठा ठिपकेदार गरुड दर हिवाळ्यात खाडीच्या आसपास आणि उरणकडे येतो. वयाने लहान असेल तर पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. कावळ्यांनी कल्लोळ केला की आधी तिकडे बघायची सवय लावून घ्या. गरुड, बहिरी ससाणा, घुबड यांचा पत्ता बहुतेक वेळा कावळेच देतात.

कुठे जायचं

शिवडी. हार्बर मार्गावरच्या शिवडी स्थानकावर उतरून पूर्वेला जेट्टीकडे. जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतू इथूनच सुरू होतो, त्यामुळे परिसर पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण चिखल आहे आणि पक्षीही आहेत. फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी इथे बघायला मिळतात. त्यांच्यावरून नजर काढून खालच्या छोट्या पक्ष्यांकडे बघणारा माणूस दुर्मीळ पक्षी शोधणारा झाला म्हणायचा.

ऐरोली. इथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि खाडीत बोटीची फेरी मिळते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 17 चौरस किलोमीटर, आणि 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. बोट भरतीनुसार सुटते, म्हणून आधी वेळ ठरवून जा. चालत्या बोटीतून फोटो काढण्यापेक्षा दुर्बीण लावून कांदळवनाच्या कडा न्याहाळा. खांबांवर आणि वाळक्या फांद्यांवर ऑस्प्रे बसलेला असतो, तो मासा पायात धरून खात असेल तर बराच वेळ हलत नाही.

भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर हा मुंबईतल्या पक्षीनिरीक्षकांचा जुना अड्डा. तळी, गवत, कांदळवन आणि खाडी एकमेकांना लागून असल्याने इथे एका सकाळी खूप प्रकारचे पक्षी दिसतात. गवतात ब्लूथ्रोट, वेताच्या कडेने लाजरे क्रेक पक्षी, तारांवर गप्पीदास. आत जाण्याचे नियम बदलत राहतात. अलीकडे जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारूनच निघा.

सीवूड्स-नेरुळची तळी आणि उरणचा पाणथळ पट्टा यांचं महत्त्व भरतीच्या वेळी कळतं. चिखल बुडाला की हजारो पक्ष्यांना उभं राहायला जागा हवी असते, आणि ती जागा ही तळीच देतात. उरणच्या पाणजे भागात मी भराव आणि अडवलेलं पाणी पाहिलं आहे. जिथे भरतीचं पाणी आत येणं थांबतं, तिथे एकदोन हंगामांतच जमीन भेगाळते आणि पक्षी दिसेनासे होतात. म्हणून या जागांच्या नोंदी नेमाने करणं फार गरजेचं आहे: पुढे कुणी ‘इथे पक्षी नव्हतेच’ म्हणालं तर उत्तर त्या नोंदीच देतील.

आता आक्षी. मला मुंबईच्या आसपासची सगळ्यांत प्रिय जागा हीच. गेटवेवरून मांडव्याची लाँच घ्या किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. बोटीमागे कुरव येतात आणि प्रवासी त्यांना वेफर, गाठ्या फेकतात. कृपा करून तुम्ही फेकू नका. तळलेलं, खारवलेलं खाणं त्यांच्या पोटासाठी नाही. उलट तो तासभर कुरवांच्या अभ्यासाला वापरा, कारण ते इतक्या जवळून पुन्हा दिसणार नाहीत. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट आणि पंखाचं टोक काळं, त्यात पांढरे डाग. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गर्द आणि पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पट्टी. हिवाळ्यात दोघांच्याही डोक्याचा गडद रंग गेलेला असतो, कानामागे नुसता ठिपका उरतो. त्यामुळे नावावर विसंबून उपयोग नाही.

अलिबागहून आक्षी जवळच. शके 934 म्हणजे 1012 सालचा, मराठीतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या शिलालेखांपैकी एक याच गावचा. पक्षी बघून झाले की तोही बघा. सुरूच्या बनातून वाळूवर उतरलात की लगेच पाण्याकडे चालत जाऊ नका. आधी लांबूनच दुर्बिणीने थवा कुठे बसलाय ते बघा, मग वळसा घेऊन त्याच्या पुढे जा, आणि खाली बसा. पाणी चढेल तसे पक्षी जवळ येतील. लाटेच्या पुढेमागे पांढुरके सँडरलिंग धावत असतात. कालवफोड्या दिसला तर तो लाल चोचीमुळे चुकणार नाही. कुरवांच्या घोळक्यात एखादा शेजाऱ्यांपेक्षा थोराड, कपाळ उतरतं, डोळ्यामागे काळसर पट्टा, पिवळसर चोचीच्या टोकाशी काळी रेघ असा असेल तर तो पल्लासचा कुरव. चोच काळी आणि टोकाला पिवळा ठिपका असलेला सुरय म्हणजे सँडविच टर्न. लाल गाजरासारखी जाड चोच असलेला भला मोठा सुरय म्हणजे कॅस्पियन. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सकाळी लवकर जा. सुट्टीच्या दिवशी घोडागाड्या आणि गाड्या वाळूवर आल्या की थवा एका जागी टिकत नाही.

रानातल्या हिवाळी पाहुण्यांसाठी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि पनवेलजवळचं कर्नाळा. नीलांग, निरनिराळे माशीमार, निळ्या डोक्याचा कस्तुर असे हिमालयाकडून उतरणारे पक्षी इथे भेटतात. ओढ्याचं पाणी आटत जाऊन डबकी उरली की एखाद्या डबक्यापासून अंतर ठेवून बसा; पक्षी पाण्यावर येतात.

वेगळा पक्षी दिसला तर

पहिली पाच मिनिटं फक्त बघा. मोबाइल काढू नका, पुस्तक उघडू नका. पुस्तक उघडलं की मन त्यातल्या चित्राशी जुळवून घेतं आणि न पाहिलेल्या खुणाही पाहिल्यासारख्या वाटतात. शेजारच्या ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करा: त्याच्यापेक्षा मोठा की लहान, चोच डोक्याच्या लांबीच्या किती पट, पायांचा रंग, उभं राहण्याची ढब, चरण्याची पद्धत. मग वहीत लिहा, वाकडंतिकडं का होईना चित्र काढून बाण दाखवा. त्यानंतर फोटो. लांबचा, धूसर फोटोही कामाचा असतो, आणि उडतानाचा असेल तर फारच. आवाज येत असेल तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा.

मग स्वतःलाच उलटतपासणी घ्या. याच्यासारखा दिसणारा नेहमीचा पक्षी कोणता, आणि तो हा का नाही? उन्हात पांढुरका दिसतोय का? अपुऱ्या वाढीचा किंवा पिसं झडत असलेला नेहमीचाच पक्षी तर नाही ना? परदेशी पोपट, मुनिया किंवा शोभेचं बदक असेल तर पिंजऱ्यातून सुटलेला असण्याची शक्यता आधी धरा.

पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन ॲप हाताशी असू द्या, पण त्याने दिलेलं नाव ही सुरुवात समजा. चिखले आणि मोठे कुरव यांच्यात जाणकारांचीही मतं वेगळी पडतात. अलीकडे तर लेसर सँड प्लोव्हरच्या दोन जाती झाल्या आहेत, सैबेरियन आणि तिबेटन. अशा वेळी ‘सँड प्लोव्हर, जात अनिश्चित’ अशी नोंद करणं हीच खरी नोंद.

पायात कडी किंवा रंगीत झेंडी असेल तर इतर सगळं सोडून ती वाचा. कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली, वरची झेंडी कोणत्या रंगाची, खालची कोणत्या, त्यावरची अक्षरं. ही माहिती फोटोसह बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, कळवा. 1883 मध्ये स्थापन झालेली ही संस्था कित्येक दशकं पक्ष्यांना कडी घालत आली आहे, आणि तुमच्या एका निरीक्षणाने पक्ष्याच्या प्रवासातला एक टप्पा पक्का होतो. 2022 मध्ये ठाणे खाडीत टॅग लावलेला एक फ्लेमिंगो गुजरातेत भावनगरकडे गेल्याचं अशाच कामातून कळलं.

नोंद

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर खातं काढा. ते मोफत आहे. प्रत्येक फेरीची वेळ, अंतर आणि दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची संख्या भरा. फक्त खास पक्षी भरून बाकीचे वगळू नका. त्या दिवशी गॉडविट किती होते, हे वीस वर्षांनी कळण्याचा दुसरा मार्ग नाही. तुम्ही भरलेली जात त्या जिल्ह्यात, त्या महिन्यात अनपेक्षित असेल तर ॲप खुलासा मागतं. तिथे ‘नीट दिसला’ एवढंच लिहून भागत नाही. पाहिलेल्या खुणा, अंतर, उजेड, कशाशी तुलना केली ते चार ओळींत लिहा आणि फोटो जोडा. नंतर एखाद्या परीक्षकाचं पत्र येऊ शकतं. ही माणसं आपला वेळ खर्च करून हे काम करतात; त्यांच्या प्रश्नाने दुखावून जाऊ नका. त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून जितकं शिकता येतं, तितकं पुस्तकातून येत नाही.

जागा जाहीर करायची की नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडावा. उघड्या किनाऱ्यावरच्या कुरवाची जागा खुशाल सांगा. घुबडाची दिवसाची बसायची जागा किंवा कुणाचंही घरटं मात्र गटावर टाकू नका.

वागणूक

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विसावलेला थवा फोटोसाठी उडवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीसाठी चरबी साठवायची असते आणि प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. पक्षी चरणं थांबवून माना वर करू लागले की तुम्ही जास्त जवळ आला आहात; दोन पावलं मागे या. ड्रोन अजिबात नको. कोळीवाड्यातून, मिठागरातून जाताना तिथल्या माणसांना विचारून जा. खाडी त्यांच्या रोजच्या पोटापाण्याची आहे आणि कुठला पक्षी कधी येतो हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असतं. जखमी पक्षी सापडला तर हाताळू नका, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. दोन्हीत नवख्यांना जागा असते. तिथे स्कोपच्या मागे उभं राहून एक सकाळ काढलीत तर चार पुस्तकांचा अभ्यास होतो.

मार्च आला म्हणून थांबू नका

बहुतेक नवे लोक फेब्रुवारी संपला की दुर्बीण कपाटात ठेवतात. पण मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या आधी पक्षी विणीचा पोशाख चढवू लागतात आणि हिवाळाभर एकसारखे राखाडी वाटलेले पक्षी वेगवेगळे रंगतात. कर्ल्यू सँडपायपर विटकरी होतो. सँड प्लोव्हर चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा येतो. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचा नर तर पोटापासून शेपटीच्या बुडापर्यंत तांबडा होतो, आणि काळ्या शेपटीच्या पक्ष्याचं पोट मात्र पांढरट, आडव्या रेघांचं राहतं. डिसेंबरात ज्या जोडीने छळलं, ती एप्रिलात लांबूनही सुटते. हिवाळ्यातल्या ज्या नोंदींवर तुम्ही प्रश्नचिन्ह ठेवलं होतं, त्या वहीतून पुन्हा काढा, त्याच जागी जाऊन रंगलेले पक्षी बघा, आणि ऑगस्टात पहिला थवा परतेल तेव्हासाठी तुलनेच्या खुणा त्याच पानावर लिहून ठेवा.